सुगंधी तेलाची बाटली उघडण्याआधी



वर्षावासात आमच्या वस्तीतल्या विहारात दुपारी ग्रंथवाचन असते. कामावरून सुटलेल्या बाया, सुना, आज्या मिळून तीस-पस्तीस जणी जमतात. मागच्या वर्षी असेच एकदा वाचन संपले आणि एक ताई बॅग घेऊन पुढे आल्या. परक्या नव्हेत, पलीकडच्या वस्तीतल्याच. त्यांनी सतरंजीवर दहा-बारा छोट्या बाटल्या मांडल्या. लव्हेंडर, टी ट्री, पेपरमिंट, लिंबू, निलगिरी. एकेक बाटली हुंगायला फिरवली. वास खरोखरच छान होते. दिवसभर दुसऱ्याच्या घरची भांडी घासून आलेल्या बाईच्या नाकाला तो वास किती बरा वाटला असेल, हे आम्हाला समजते.

मग ताई सांगू लागल्या. हे दोन थेंब पाण्यातून प्या, शुगर उतरते. हे तान्ह्या बाळाच्या तळपायाला आणि नाकाखाली लावा, कफ धरत नाही. हे चेहऱ्याला लावा, वांग जातात. हे गाठीवर चोळा, गाठ विरघळते. दहा मिलीची बाटली सहाशे रुपये. चार जणी जोडून दिल्या की तुमची बाटली स्वस्त.

सात जणींनी बाटल्या घेतल्या. आम्ही तिथेच बसलो होतो. आपल्याच समाजाची बाई, चार पैसे कमावते आहे, भर सभेत तिला खोटे कशाला पाडायचे, असा विचार करून आम्ही गप्प बसलो. दहा दिवसांनी त्या सातांतली एक सून पदराने तोंड झाकून आमच्याकडे आली. वांगावर तिने लिंबाचे तेल नुसतेच, काही न मिसळता लावले होते आणि तशीच उन्हात कामाला गेली होती. गालावर भाजल्यासारखे फोड आले होते. फोड बरे झाले, पण वांगापेक्षा काळे डाग मागे राहिले. सहाशे रुपये म्हणजे तिला एका घरच्या धुण्याभांड्याचा अर्ध्या महिन्याचा पगार. त्या दिवशी आम्ही बोललो असतो तर तिचे पैसेही वाचले असते आणि चेहराही. तेव्हा जे बोललो नाही ते आता लिहितो आहोत.

आमचे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत वाट पाहायला नको. सुगंधी तेले वाईट नाहीत. थोडी काळजी घेतली तर त्यातली एक-दोन घरात ठेवायला हरकत नाही. पण ती औषधाइतकी जोरदार असतात आणि विकली मात्र अत्तरासारखी जातात. खरी अडचण इथे आहे. वस्तीतल्या घरात, जिथे एकाच खोलीत चूल, अंथरूण, पाळणा आणि म्हातारी माणसे असतात, तिथे ही अडचण बंगल्यापेक्षा जास्त जड पडते.

आधी हे तेल म्हणजे काय ते पाहू. खोबरेल, तीळ, करडई ही घाण्यावर निघणारी तेले स्निग्ध असतात. सुगंधी तेल वेगळे. पाने, फुले, साल वाफेवर ठेवून त्या वाफेतून त्यांचा अर्क काढतात. लिंबा-संत्र्याचे तेल साल दाबून काढतात. कागदावर थेंब टाकला तर बराचसा उडून जातो, खोबरेलसारखा तेलकट डाग तसाच राहत नाही. एक किलो हिरव्या गवती चहातून चहाचा चमचाभर तेल धड निघत नाही. म्हणजे आपण चहात चार पाती टाकतो ती गोष्ट वेगळी आणि बाटलीतला गवती चहा वेगळा. पाती खाऊन कोणाला काही होत नाही म्हणून तेलही निर्धोक, असा हिशेब मांडणारा माणूस एक तर अडाणी असतो किंवा विक्रेता.

अरोमाथेरपी हा शब्द ज्या रेने-मॉरिस गाटफोसे यांच्यामुळे रूढ झाला, ते फ्रान्सचे रसायनतज्ज्ञ होते आणि सुगंधाच्या धंद्यातले होते. त्यांचे पुस्तक १९३७ सालचे. शब्द परका असला तरी वस्तू आपल्याला नवी नाही. निलगिरीचे तेल आपल्या आज्यांच्या काळापासून फडताळात आहे. दाढदुखीला लवंगेचे तेल आहे. कापूर, ओवाफूल आणि पुदिन्याचे फूल समान भाग एकत्र केले की तीन कोरड्या खड्यांचे आपोआप पाणी होते, ती घरगुती अमृतधाराही पुष्कळ घरांत आहे. म्हणजे नवीन काही सुरू करण्याआधी आपल्या घरात काय पडले आहे तेच आधी तपासायला हवे. आम्ही नर्स म्हणून जे पाहिले ते लव्हेंडरमुळे नव्हते. ते या जुन्या, ओळखीच्या बाटल्यांमुळे होते.

आम्ही नोकरीत असताना एका रात्री मुलांच्या वॉर्डात दोन वर्षांचे पोर आणले. आईच्या खांद्यावर मान टाकलेली, श्वास घरघरणारा, तोंडाला निलगिरीचा वास. घरात दोघे आजारी. वीज गेलेली. फळीवर खोकल्याच्या औषधाची बाटली आणि तिच्याशेजारी निलगिरीची बाटली, दोन्ही काळपट काचेच्या, जवळपास सारख्याच उंचीच्या. आईने अंधारात चाचपून चमचाभर औषध पाजले. पोर ठसकले तेव्हा तिला वास आला. सासूने ओकारी काढायला मिठाचे पाणी पाजले आणि त्यातले काही पोराच्या छातीत गेले. निलगिरीचे तेल एक चहाचा चमचा पोटात गेले तरी लहान मूल बेशुद्ध होऊ शकते. ते पोर तीन दिवस ऑक्सिजनवर होते. वाचले.

त्या तीन दिवसांत त्या आईला येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने बोल लावला. नवऱ्याने, सासूने, शेजारणीने. सांगायला लाज वाटते, आमच्यातल्या एका सिस्टरनेही. आज विचारतो, चूक कोणाची? ज्या खोलीत फळी एकच आहे, तिथे औषध आणि तेल शेजारी शेजारी राहणारच. बाटलीवरची अक्षरे मुंगीएवढी, तीही इंग्रजीत. झाकण असे की पोरानेही फिरवावे. जिथे वीज जाते, दवाखाना दुपारीच बंद होतो आणि रोजी बुडवल्याशिवाय ओपीडीची रांग धरता येत नाही, तिथे बाई घरात जे असेल त्यावर भागवते. तिला बोल लावणे सगळ्यात सोपे. बाटली नीट बनवा, तिच्यावर मराठीत ठळक लिहा, मूल उघडू शकणार नाही असे झाकण लावा, संध्याकाळचा दवाखाना चालू ठेवा, ही मागणी करणे अवघड. ती मागणी आम्ही करतो आहोत. ती मान्य होईपर्यंत आपल्या फळीची व्यवस्था मात्र आपल्यालाच लावायची आहे.

आता कापूर. १९५६ नंतर आपल्या घरातून देव्हारा गेला, आरती गेली, आरतीचा कापूर गेला. सर्दीचा कापूर मात्र राहिला. बाळाच्या गळ्यात ओवा-कापराची पुरचुंडी, उशाखाली कापराची वडी, खोबरेलात कापूर गरम करून छातीला. आम्ही घरोघर जातो तेव्हा दहा बाळंतिणींच्या घरांत पाच-सहा ठिकाणी हे दिसते. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येतात आणि ते लवकर येतात, कधी पाच-दहा मिनिटांत, कधी तासाभरात. आधी उलटी, तडफड, मग एकदम फिट. मूठभर कापूर लागत नाही. एखाद्या ग्रॅमनेही लहान मुलाच्या जिवावर बेतल्याची नोंद वैद्यकात आहे. पांढरी चौकोनी वडी पोराला खडीसाखरेसारखी दिसते, म्हणून ते ती तोंडात घालते. कातडीतूनही कापूर अंगात मुरतो, आणि बाळाची कातडी पातळ असते. पुरचुंडी तर दोन प्रकारे धोक्याची, कापूर बाळाच्या तोंडात जाऊ शकतो आणि दोरा गळ्याला आवळू शकतो. ती काढाच. सासूबाई रागावल्या तर आमचे नाव सांगा, आम्ही येऊन बोलू. आजवर समजावून न ऐकणारी आजी आम्हाला एखाद-दुसरीच भेटली.

ओघाने डांबर गोळीचेही सांगतो. ती सुगंधी तेल नव्हे, पण वासाचीच वस्तू. काही बाळांच्या रक्तात जन्मतः एक विकर कमी असते, त्याला जी-६-पीडीची कमतरता म्हणतात. अशा बाळाला डांबर गोळ्यांच्या ट्रंकेतले दुपटे गुंडाळले तर रक्तपेशी फुटून कावीळ वाढू शकते. कोणाच्या बाळात ही कमतरता आहे हे बघून कळत नाही. बाळाचे कपडे त्या ट्रंकेत ठेवू नका.

तर ज्यांना सुगंधी तेल वापरून पाहायचे आहे त्यांनी सुरुवात कशी करावी? आमचा सल्ला असा की एकच तेल घ्या. बारा बाटल्यांचा संच घेऊ नका. एकच असले की काय सोसते आणि काय सोसत नाही ते कळते. घेताना बाटली गडद काचेची, आत थेंब-थेंब पाडणारी प्लास्टिकची टोपी असलेली बघा. लेबलवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, बनवणाऱ्याचा पत्ता, बॅच आणि मुदतीची तारीख हवी. नुसते ‘फ्रेग्रन्स’ किंवा ‘परफ्यूम ऑइल’ लिहिले असेल तर ते कपड्यांसाठी किंवा उदबत्तीसाठी, अंगाला नव्हे. दीक्षाभूमीच्या गर्दीत आम्ही प्रथमोपचाराच्या टेबलावर बसतो तेव्हा बिनलेबलाच्या रोल-ऑन बाटल्या पुष्कळांच्या खिशात दिसतात. लांबून चालत आलेले लोक पायाच्या फोडांवर तेच फिरवतात आणि मग आग आग करत आमच्याकडे येतात. फुटलेल्या कातडीवर, जखमेवर, फोडावर कोणतेही सुगंधी तेल लावायचे नाही. फोडाला साबण-पाणी आणि स्वच्छ पट्टी पुरते.

घरी आणल्यावर बाटलीवर चिकटपट्टीचा तुकडा लावून उघडल्याची तारीख लिहा. वॉर्डात आम्ही इंजेक्शनच्या बाटलीवर लिहायचो तसे. टी ट्री आणि लिंबासारखी तेले हवा लागून जुनी झाली की कातडीला जास्त चावतात. वर्ष उलटले की अंगाला लावणे बंद करा. त्याच पट्टीवर मोठ्या मराठी अक्षरात लिहा: पोटात घेऊ नये. जिला वाचता येत नाही तिच्यासाठी बाटलीच्या गळ्याला लाल दोरा किंवा रबर बांधा, म्हणजे अंधारातही हाताला कळेल. ही युक्ती त्या निलगिरीच्या पोराच्या आईनेच काढलेली, आम्ही फक्त पुढे सांगतो. बाटली औषधांच्या फळीवर नको, चुलीजवळ तर मुळीच नको, कारण हे तेल पेट घेते. कुलपाची ट्रंक किंवा कपाट सगळ्यात बरे.

कातडीला नुसते तेल कधी लावायचे नाही. हिशेब सोपा आहे. एक चहाचा चमचा म्हणजे पाच मिली खोबरेल किंवा तिळाचे तेल, त्यात सुगंधी तेलाचा एक थेंब. हे साधारण एक टक्का झाले. सुरुवातीला एवढेच. मोठ्या निरोगी माणसाला पुढे फार तर दोन थेंब. जास्त थेंबांनी जास्त गुण येत नाही, जास्त खाज येते. मिसळायला स्टीलची वाटी किंवा काच घ्या. काही तेलांनी पातळ प्लास्टिक आणि थर्माकोल विरघळतो. पाणी मिसळून तेल सौम्य होते हा गैरसमज आहे. पाण्यात ते मिसळत नाही, वर तरंगते. बादलीत थेंब टाकून आंघोळ केली की तोच नुसता थेंब जाऊन पाठीला किंवा नाजूक जागी चिकटतो. पाण्यात घालायचेच तर आधी चमचाभर खोबरेलात मिसळून घाला.

अंगभर लावण्याआधी मिसळलेले तेल कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर लावा आणि चोवीस तास थांबा. लाल झाले, खाजले, पुरळ आले तर ते तेल तुमच्यासाठी नाही. आधी सोसलेले तेल पुढेही सोसेलच असे नाही, ॲलर्जी नंतरही येते. लिंबाचे तेल लावून उन्हात जायचे नाही, हे वर सांगितलेल्या सुनेच्या चेहऱ्यावरून लक्षात आलेच असेल. भाजी विकणाऱ्या, बांधकामावर जाणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या आपल्या बहिणींचा दिवस उन्हात जातो. त्यांनी ते तेल अंगाला लावूच नये. लावल्यावर हात साबणाने धुवा, नाहीतर तोच हात डोळ्याला जातो.

वासापुरते वापरायचे असेल तर रुमालावर किंवा कापसाच्या बोळ्यावर एक-दोन थेंब टाकून उशापासून हातभर लांब ठेवा. वीज खाणाऱ्या महागड्या डिफ्यूझरची गरज नाही. दहा बाय दहाच्या, एकच खिडकी असलेल्या खोलीत तासन् तास वास कोंडणे कोणाच्याच फायद्याचे नाही. त्यात उदबत्ती आणि मच्छर कॉइलही जळत असते. घरात दम्याचा माणूस असेल तर वासानेच धाप लागू शकते. क्षयाचा रुग्ण असेल तर त्याला खिडकी उघडी हवी, सुगंध नको.

वाफेबद्दल आमचे मत ठाम आहे. मोठ्यांनी साध्या पाण्याची वाफ घ्यावी, निलगिरी घालण्याची गरज नाही. मुलांना वाफ देऊच नये. जमिनीवर उकळत्या पाण्याचे पातेले, त्यावर चादर आणि आत वळवळणारे पोर, या मांडणीतून भाजून आलेली मुले आम्ही मोजणे सोडून दिले.

कोणी या तेलांपासून लांब राहायचे? दोन वर्षांखालील मुलांना कापूर, निलगिरी, पुदिना, मेन्थॉल यातले काहीच नको. तेल नको आणि बामही नको. मेन्थॉल नाकाखाली लावले की बाळाचा घसा आवळून श्वास अडकू शकतो. बऱ्याच बामच्या डब्यांवर दोन वर्षांची अट बारीक अक्षरात लिहिलेली असते, वाचून पाहा. त्याहून मोठ्या मुलांच्याही नाकाला, तोंडाला लावू नका. गरोदर बाईने, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, तेलांच्या भानगडीत पडू नये आणि कापूर तर पूर्ण टाळावा. अंगावर पाजणाऱ्या आईने छातीला लावू नये.

फिटचा आजार असलेल्यांचे वेगळे सांगायला हवे, कारण हे डॉक्टरही नेहमी विचारत नाहीत. बंगळुरूच्या मेंदूविकार डॉक्टरांनी फिट येऊन आलेल्या रुग्णांना मुद्दाम विचारायला सुरुवात केली की कोणते तेल किंवा बाम वापरता. तेव्हा काही जणांच्या फिटमागे निलगिरी आणि कापूर असलेली तेले व बाम सापडले. काहींना पूर्वी कधीच फिट आली नव्हती. काहींची फिट गोळ्यांनी आटोक्यात होती आणि परत आली. आपल्याकडे डोके दुखले की कपाळाला बाम चोळून झोपतात, रोज, वर्षानुवर्षे. तुमच्या घरात कोणाला फिट येत असेल तर बामच्या डबीवरचे घटक वाचा आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना डबीच नेऊन दाखवा. आणि फिट आलेल्याच्या नाकाशी कांदा, चप्पल किंवा उग्र तेल धरण्याची सवय आता सुटली पाहिजे.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या खाणाऱ्या आजी-आजोबांनी गुडघ्याला विंटरग्रीनचे तेल, काही दुकानांत त्याला गंधपुरा म्हणतात, सांभाळून वापरावे. त्यातले द्रव्य ॲस्पिरिनच्या जातीचे आहे आणि कातडीतून रक्तात जाते. नुसते तेल चमचाभर पोटात गेले तर ॲस्पिरिनच्या वीसएक गोळ्या एकदम गिळल्यासारखे होते. नातवंडांच्या घरात ही बाटली नसलेलीच बरी.

एवढे सगळे सांगितल्यावर कोणी विचारेल, मग उपयोग तरी काय? उपयोग आहे, पण लहान. लव्हेंडरच्या वासाने काहींचे मन थोडे शांत होते, झोप लागायला मदत होते. लवंगेच्या तेलातले युजेनॉल दातांचे डॉक्टरही वापरतात. दाढ ठणकत असेल तर चमचाभर खोबरेलात एक थेंब लवंगतेल मिसळून कापसाने दाढेवर टेकवा, हिरडीवर नको, आणि सकाळी दातांचा दवाखाना गाठा. मुलांना लवंगतेल लावू नका, पोटात गेले तर यकृताला इजा होते. सिट्रोनेलाने डास थोडा वेळ लांब राहतात, तास-दोन तासांत वास उडाला की परत येतात. डेंग्यूच्या दिवसांत त्याच्या भरवशावर राहू नका, मच्छरदाणीच लावा. नायट्यावर टी ट्री फासण्यात महिना घालवू नका, तोवर तो घरभर पसरतो. अंगदुखीला तेल चोळल्याने बरे वाटते ते खरे, पण त्यातला मोठा वाटा चोळणाऱ्या हाताचा असतो असे आम्हाला इतक्या वर्षांनी वाटू लागले आहे. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या एका मावशींचे पाय आम्ही साध्या खोबरेलाने चोळायचो. त्या रोज विचारायच्या, आज कोणते औषध लावले गं?

साखर, कॅन्सर, गाठी, लकवा, वांझपण यांवर मात्र कोणत्याही वासाच्या तेलाचा इलाज नाही. मधुमेह, कर्करोग, फिट अशा आजारांवर रामबाण म्हणून जाहिरात करणे १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने गुन्हा आहे. तसे छापील पत्रक हाती आले तर जपून ठेवा, अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. ‘नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही’ हे वाक्य ऐकले की आम्हाला अंगाऱ्याची पुडी आठवते. तिच्याबद्दलही प्रश्न विचारायचा नसतो. आपण मात्र विचारायला शिकलेली माणसे. किती थेंब? कशात मिसळून? कोणी घेऊ नये? पोटात गेले तर काय? या चार प्रश्नांची उत्तरे ज्याला देता येत नाहीत त्याच्याकडून घेऊ नका, मग तो नात्यातला का असेना. बाटल्या विकणाऱ्या त्या ताईंनाही आम्ही नंतर घरी जाऊन हे सांगितले. त्या रडल्या. त्यांनी स्वतः पंचवीस हजार घालून माल उचलला होता, तोही बचत गटाचे कर्ज काढून. त्यांना खोटे बोलायचे नव्हते, त्यांना शिकवले होते तसे त्या बोलत होत्या.

अपघात झालाच तर काय करायचे ते आजच घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. तेल किंवा कापूर पोटात गेला की ओकारी काढायची नाही. मिठाचे पाणी, दूध, तूप काही पाजायचे नाही. तेल उलटून छातीत गेले की फुप्फुसाला इजा होते, आणि तूप-दुधाच्या स्निग्धतेने कापूर उलट लवकर अंगात भिनू शकतो. मूल गुंगीत असेल तर कुशीवर निजवा. १०८ ला फोन करा किंवा रिक्षा करून थेट मोठ्या सरकारी दवाखान्यात जा. बाटली सोबत न्या, किती वाजता आणि अंदाजे किती गेले ते सांगा. मूल खेळत असले तरी न्या, कारण फिट एकाएकी येते. डोळ्यात गेले तर स्वच्छ पाण्याची धार पंधरा मिनिटे सोडा, कातडी भाजली तर साबण-पाण्याने धुवा. आणि दवाखान्यात खरे सांगा. ‘काय पाजले?’ असा आवाज चढवून कोणी विचारले तरी खरे सांगा. उपचार त्यावरच ठरतो.

येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर आम्ही विहारातच थांबणार आहोत. घरात असतील त्या सगळ्या बाटल्या, बामच्या डब्या, पुरचुंड्या पिशवीत घालून आणा, मुदत संपलेल्यासुद्धा. लेबले मिळून वाचू. लाल दोऱ्याचे रीळ आणि चिकटपट्टी आम्ही आणतो.